अलीकडे काय पाहिलंत? (आणि कशावर पाहिलंत?)

मधली_रांग | रात्री ९:१०

आधीचा धागा इतका लांबला की मोबाईलवर उघडेपर्यंत इंटरव्हल होतो, म्हणून हा नवा. नियम तोच: नुकतं काय पाहिलं, कसं वाटलं. फक्त एक भर घाला, कशावर पाहिलं तेही लिहा. थेटर, टीव्ही, लॅपटॉप, मोबाईल, जे असेल ते. 'तुंबाड'वरून मागे जी जुंपली होती, त्यातली निम्मी भांडणं सिनेमाची नव्हतीच, टीव्हीची होती.

माझे तीन, सगळे घरी, ५५ इंची टीव्हीवर.

'सुपरबॉईज ऑफ मालेगाव': मालेगाव आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं, तेव्हा थोडं झुकतं माप गृहीत धरा. पूर्वार्ध फर्मास. व्हिडिओ पार्लरवाला नासीर मूकपटातल्या विनोदी तुकड्यांना मारामारीचे तुकडे जोडतो, तिथे एडिटिंग म्हणजे काय हे काही न शिकवता कळतं. उत्तरार्धात मैत्री, रुसवेफुगवे, आजारपण असं सगळं ठरल्या रुळावर येतं. विनीत कुमार सिंगचा लेखक तेवढा शेवटपर्यंत कुरकुरत राहतो, म्हणून तोच लक्षात राहतो.

'सैराट': उत्तरार्धासाठी पुन्हा. चारही गाणी पूर्वार्धात उरकून टाकायची आणि मग हैदराबादच्या वस्तीत नुसता संसार दाखवायचा, हे धाडस आजही पटतं. परश्या-आर्चीच्या प्रेमापेक्षा त्यांची भांडणं जास्त खरी वाटतात.

'कोर्ट': कितव्यांदा ते विचारू नका. तितकाच थंड, तितकाच जहाल.

सातपूरकर | ९:३२

तुंबाड (टीव्ही, ४३ इंच). लोक डोक्यावर घेतात तेवढा नाही. वाड्यात काय चाललंय तेच दिसेना. अंधारच अंधार, त्यात करडे चट्टे फिरतात. पाचपैकी अडीच.

रीळ_नंबर_चार | ९:५१

सातपूरकर, हे अडीच सिनेमाला दिलेत की टीव्हीला, ते आधी ठरवू.

'तुंबाड' अंधारात आहे, पण काळाकुट्ट नाही. पावसाळी उजेड, कंदील, ओल्या भिंती. त्या अंधारात बरंच काही ठेवलेलं आहे. वाड्यातली म्हातारी, गर्भातल्या भिंती, पिठाच्या बाहुल्या. हे दिसत नसेल तर दोन वेगवेगळे दोष आहेत, एकत्र करू नका.

पहिला, काळ्याची पातळी चुकलेली. सेट-टॉप बॉक्स किंवा स्टिक चित्र दोन प्रकारे पाठवते: 'लिमिटेड' म्हणजे काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर, किंवा 'फुल' म्हणजे ० ते २५५. बॉक्स 'फुल' पाठवतोय आणि टीव्ही 'लिमिटेड' समजतोय, तर १६ च्या खालचं सगळं एकच काळं होतं. सावलीतला चेहरा गायब. उलट असेल तर काळा धुतल्यासारखा, राखाडी. दोन्हीकडे 'लिमिटेड' ठेवा. टीव्हीत हे 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' नावाने सापडेल, तिथे 'लो' म्हणजेच लिमिटेड.

मग पिक्चर मोड 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर काढा. तो दुकानात ट्यूबलाईटखाली टीव्ही विकण्यासाठी असतो. कॉन्ट्रास्ट ताणतो आणि सावल्या खातो. 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' घ्या. पहिली दहा मिनिटं पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. वीजबचत आणि खोलीच्या उजेडाचा सेन्सर बंद करा, नाहीतर प्रत्येक रात्रीच्या सीनला टीव्ही स्वतःच मिणमिणता होतो.

शेवटी ब्राइटनेस. नव्या टीव्हीत 'ब्राइटनेस' म्हणजे बॅकलाईट, काळ्याची पातळी वेगळ्या नावाने असते, तेवढं बघून घ्या. ज्या सिनेमाला वर-खाली काळ्या पट्ट्या येतात तो लावा. पातळी वाढवत न्या, पट्ट्या राखाडी दिसू लागल्या की एकेक घर खाली या. पट्टी पुन्हा काळी झाली की तिथेच थांबा. त्याच्याही खाली गेलात की पात्राचे केस आणि मागची भिंत एक होणार.

रीळ_नंबर_चार | ९:५८

दुसरा दोष राहिला. करडे चट्टे म्हणजे डेटा कमी पडतोय. व्हिडिओ दाबताना सॉफ्टवेअर सगळ्यात आधी अंधारात काटकसर करतं, कारण तिथे माणसाच्या डोळ्याला फरक कमी कळतो असं ते धरून चालतं. मग काळा, त्याहून थोडा कमी काळा, असे थर उघडे पडतात. अ‍ॅपमध्ये 'डेटा सेव्हर' किंवा 'ऑटो' असेल तर 'हाय' करा. स्वस्तातला बिनपरवान्याचा अँड्रॉइड बॉक्स असेल तर मात्र इलाज नाही. प्रमाणपत्र नसलेल्या बॉक्सला बरीच अ‍ॅप्स ४८० च्या वर चित्र देतच नाहीत, मग नेट शंभराचं असो की तीनशेचं.

पेठरोड_पंचवटी | १०:०४

माझी तक्रार उलटी. सगळं लख्ख दिसतं, पण प्रत्येक सिनेमा सिरियलसारखा दिसतो. सगळे नट स्टुडिओत उभे आहेत असं वाटतं. 'सुपरबॉईज'सुद्धा तसाच दिसला, म्हणून अर्ध्यात सोडला.

रीळ_नंबर_चार | १०:१२

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, तुमचा पॅनेल ६० किंवा १२० चा. मधल्या चौकटी टीव्ही स्वतःच्या मनाने रंगवतो आणि हालचाल लोण्यासारखी करतो. तेच सिरियलपण. सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीमध्ये 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो'. बंद करा. फिल्ममेकर मोड घेतलात तर आपोआप बंद होतं. एक गोष्ट सांगून ठेवतो: ६० च्या पॅनेलवर २४ चौकटी समान वाटता येत नाहीत, एक तीनदा आणि पुढची दोनदा अशी दाखवावी लागते, त्यामुळे कॅमेरा सावकाश आडवा फिरला की हलका हिसका दिसेल. १२० च्या पॅनेलवर प्रत्येक चौकट पाच वेळा, हिसका नाही.

मधली_रांग | १०:१५

आणि 'सुपरबॉईज' जिथे सोडला तिथून पुढे बघा. त्यातली हँडीकॅमची दृश्यं मुद्दाम ओबडधोबड आहेत. टीव्हीने ती गुळगुळीत केली की सिनेमातला सिनेमा आणि सिनेमा यांतला भेदच पुसला जातो, मग उरतं काय?

ज्यांना हा आवडला त्यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा २००८ चा माहितीपट जरूर पाहावा. खरा नासीर शेख, खरा शफीक. यंत्रमागावर काम करणारा सडपातळ माणूस सुपरमॅनच्या कपड्यांत, मागे क्रोमासाठी, म्हणजे पार्श्वभूमी नंतर बदलायला, हिरवं कापड. कथापटात जे डोळे ओले करून सांगितलंय ते इथे हसत हसत येतं आणि जास्त लागतं. माझ्या मते माहितीपट दोन पावलं पुढे.

स्वरसाधना | १०:२६

'कट्यार काळजात घुसली' पुन्हा, यावेळी प्रवासात मोबाईलच्या स्पीकरवर. करू नये असं काम. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) तंबोऱ्यातला खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, साधारण ६९ हर्ट्झवर असतो. मोबाईलचा स्पीकर दोनशे-तीनशेच्या खालचं जवळजवळ काढतच नाही. जवारीचा वरचा झिणझिणाट तेवढा उरतो, तंबोरा मच्छरासारखा वाटतो आणि गायक हवेत लटकतो. साधे वायरचे इयरफोन लावले तरी 'अरुणि किरणी'मधला महेश काळेंचा आवाज जमिनीवर येतो. सिनेमाबद्दल मत: गाणी दहापैकी दहा, मधल्या प्रसंगांत थोडं नाटकाचं ओझं.

दुसरा 'संत तुकाराम', १९३६ चा, प्रभातचा. हा अनेक चॅनेलवाल्यांनी चढवलाय आणि काही प्रतींत तुकाराम झालेल्या पागनीसांचा आवाज चिरका वाटतो. तो त्यांचा दोष नाही. जुन्या काळी टीव्हीसाठी फिल्मची कॉपी काढताना २४ चौकटींचा सिनेमा २५ ने पळवायचे, कारण आपली टीव्हीपद्धत २५ ची. वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि स्वर पाऊण श्रुतीच्या... चुकलं, पाऊण अर्धस्वराच्या आसपास चढतो. म्हणजे पांढरी एकमध्ये गायलेलं जवळजवळ काळी एकला पोचतं. पेटी घेऊन बसलात तर ना इकडचा ना तिकडचा स्वर लागतो.

ओळखायची सोपी खूण म्हणजे लांबी. मूळ सिनेमा १३१ मिनिटांचा. १२६ च्या आसपास भरला आणि कुठे काटछाट दिसत नसेल, तर पळवलेली प्रत आहे. अभंग ऐकायचे असतील तर दुसरी शोधा.

सातपूरकर | १०:३१

ताई, हे ऐकून आता काहीच सरळ पाहता येणार नाही.

पेठरोड_पंचवटी | १०:३३

आवाजाचा विषय निघालाच आहे तर, संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा आणि गाडी उडाली की शेजारी दार वाजवतो, याला काय करायचं? मराठी सिनेमालासुद्धा सबटायटल लावायची वेळ आलीय.

स्वरसाधना | १०:४४

सिनेमाचा आवाज ५.१ मध्ये असतो, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. संवाद जवळपास सगळे मधल्या स्पीकरमध्ये. टीव्हीला मधला स्पीकर नाही, मग तो भाग ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात मिसळतात, जिथे संगीत आणि धडामधुडूम आधीच बसलेलं असतं. त्यात टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून. टीव्ही कपाटाच्या खणात बसवला असेल तर घुमणं वेगळंच.

करून बघा: अ‍ॅपमध्ये भाषेच्या यादीत ५.१ आणि साधा असे दोन पर्याय दिसले तर साधा घ्या. टीव्हीत 'क्लिअर व्हॉइस' सारखं काही असेल तर ते लावा. 'नाईट मोड' मोठा आवाज दाबतो आणि लहान वर उचलतो. रात्री दहानंतर तोच बरा, पण गाण्याच्या सिनेमाला तो लावू नका, समेवरचा जोर सपाट होतो. साऊंडबार घेणार असाल तर ३.१ घ्या, त्यात मधला स्पीकर वेगळा असतो. २.१ घेऊन नुसता धमाका वाढेल, बोलणं तिथेच.

आणि 'सैराट'चा शेवट आला की रिमोटला हात लावू नका. तिथे आवाज मुद्दाम काढून घेतलाय. टीव्ही बंद पडला म्हणून घरोघरी बटणं दाबली जातात.

मधली_रांग | १०:४९

त्याला जोडून: अ‍ॅपमधला 'पुढचं आपोआप सुरू' पर्याय बंद करा. श्रेयनामावली लागली की चित्र कोपऱ्यात चिमटतं आणि भलताच ट्रेलर सुरू होतो. 'कोर्ट'मध्ये तर कोर्टरूमचे दिवे मालवले जातात, पडदा बराच वेळ काळा राहतो, आणि तिथे सिनेमा संपलेला नसतो. न्यायाधीशाच्या सुट्टीचा भाग पुढे आहे. लोक त्या काळोखात उठून जातात आणि मग "शेवट कळला नाही" म्हणून लिहितात.

सातपूरकर | १०:५३

कोर्टचा शेवट पाहिला आणि कळलाही. तरी कंटाळवाणा. माणूस फ्रेममधून गेला तरी कॅमेरा तिथेच. आता हे कुठल्या सेटिंगने जातं सांगा.

मधली_रांग | १०:५८

जात नाही, हे सिनेमाचंच आहे. आणि मुद्दाम आहे. कॅमेरा दूर, स्थिर, माणसं मुंग्यांसारखी. शाहिराचा खटला बोर्डावर येतो, तारीख पडते, पुढचा खटला. तुम्हाला जो कंटाळा येतो तो त्या शाहिराच्या, नारायण कांबळेच्या वाट्याचा चार आणे आहे. सरकारी वकीलबाई दिवसभर कलमं वाचून संध्याकाळी घरी स्वयंपाकाला लागते, ते दृश्य घाईने कापलं असतं तर ती नुसती खलनायिका झाली असती. गीतांजली कुलकर्णींनी त्या बाईला एकदाही वाईट केलेलं नाही, म्हणून भीती वाटते.

सातपूरकर | ११:०१

पटलं, आवडलं नाही. तीन.

गोदाकाठ | ११:१०

नाशिकच्या धाग्यावर फाळके अजून आले नाहीत म्हणजे कमाल आहे. 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन', दोन्ही लॅपटॉपवर.

'राजा हरिश्चंद्र'चं मत देताना जपून, कारण पूर्ण सिनेमा कुणाकडेच नाही. १९१३ चा मूळ सुमारे ३,७०० फुटांचा, चार रिळांचा. आज १,४७५ फूट उरलंय, आणि तेही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीतलं असावं असं काही अभ्यासकांचं म्हणणं. लोक लिहितात, "नट काय तुरुतुरु पळतात, हसू येतं." पळत नाहीत हो, त्यांना पळवलंय. तेव्हा कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ चौकटी. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात बरोबर १६ चौकटी बसतात, म्हणजे एक फूट एक सेकंद. १,४७५ फूट म्हणजे साडेचोवीस मिनिटं. तीच पट्टी २४ ने चालवली की सव्वासोळा-साडेसोळा मिनिटांत संपते.

इलाज फुकट आहे. यूट्यूबवर प्लेबॅक वेग ०.७५ करा, २४ चे १८ होतात, चाल माणसासारखी होते. आणखी हळू हवं तर ०.७० ला पावणेसतरा पडतात. त्याखाली जाऊ नका, हात फिरवणाराही दर वेळी मोजून सोळाच फिरवायचा असं नाही. आधी पाणी बघा: तारामती आणि तिच्या सख्या हौदात आहेत त्या दृश्यात उडालेले थेंब नीट वजनाने खाली पडतात का. थेंब टपकन् गायब होत असतील तर वेग जास्त. तरंगत असतील तर ती प्रत आधीच दुरुस्त केलेली आहे, हात लावू नका. मागे चिकटवलेली सनई-सतार म्यूट करा, तिचा सिनेमाशी संबंध नाही.

(त्या सख्या आणि तारामती सगळे पुरुष. साळुंके तारामती. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच.)

'कालिया मर्दन' १९१९ चा, म्हणजे फाळके नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनीत असतानाचा. सुरुवातीला सात वर्षांची मंदाकिनी फाळके नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवते, आणि मग तिचाच कृष्ण होतो. आजच्या भाषेत ऑडिशनच सिनेमात ठेवलीय. आधी पोरगी दाखवली, मग देव. तरी देव खरा वाटतो. कृष्ण खोड्या काढतो तेव्हा ती अभिनय करत नाहीये, खेळतेय. दहापैकी नऊ. एक गुण नागाच्या कापडी फण्यासाठी कापला, तोही नाइलाजाने.

पेठरोड_पंचवटी | ११:१६

०.७५ लावून पाहिला. हरिश्चंद्र एकदम राजासारखा चालायला लागला!

फाळके स्मारकापाशी, पांडवलेण्याच्या पायथ्याशी इतक्यांदा जाणं होतं, पण सिनेमा आज पहिल्यांदा नीट दिसला.

गोदाकाठ | ११:१८

आणि आडवा ताणू नका. जुन्या सिनेमाची चौकट ४:३. टीव्हीवर 'स्ट्रेच' किंवा 'झूम' लागलं असेल तर 'मूळ' करा. ताणलं की तुकोबा पैलवान दिसतात, झूम केलं की वर-खाली मिळून पाव चित्र कापलं जातं, पगडी आणि पाय दोन्ही जातात.

रीळ_नंबर_चार | ११:२९

थेटरवाल्यांनाही सोडू नका. 'तुंबाड' सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये तो मंद दाखवला जात होता आणि सगळे दिग्दर्शकाला नावं ठेवत होते. पडद्यावर १४ फूट-लँबर्ट उजेड हवा असं मानक आहे. झेनॉन दिवा तास भरत आले की मंदावतो, आणि तो बदलणं महाग, म्हणून ओढतात. थ्रीडीचा फिल्टर काढायचा राहिला तर तोच सिनेमा आणखी काळवंडतो. खूण: सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्राचा पांढरा कागद बघा. मळकट दिसला, किंवा बाहेर जायच्या दारावरचा दिवा पडद्यापेक्षा तेजस्वी वाटला, तर गडबड आहे.

आवाजाचंही तसंच. मिक्सिंग होतं ते फेडर (थेटरातली आवाजाची कळ) ७ वर धरून. जाहिराती कर्कश असतात म्हणून प्रेक्षक ओरडतात, मग फेडर साडेचार-पाचवर आणतात आणि सिनेमा कुजबुजतो. मधला स्पीकरच गेला असेल तर गाणी दणदणीत आणि संवाद विहिरीतून आल्यासारखे.

प्रोजेक्शन रूममध्ये हल्ली बहुधा कोणी बसलेलं नसतं, सगळं आधी लावून ठेवलेल्या यादीवर चालतं. त्यामुळे "ओ, फोकस!" असं ओरडून उपयोग नाही. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन ड्यूटी मॅनेजरला गाठा आणि नेमकं सांगा: "मधला स्पीकर बंद आहे", "चित्र पडद्याबाहेर जातंय", "थ्रीडीचा फिल्टर आत आहे का बघा". "मजा येत नाही" म्हटलं की तो एसी वाढवतो.

तिकीट काढताना पडद्यापासून दोन-तृतीयांश मागे, मधोमध. आवाज साधारण तिथे माईक ठेवूनच जुळवलेला असतो. शेवटची रांग लोकांना आवडते, पण मागच्या भिंतीचा घुमारा तिथेच सगळ्यात जास्त.

स्वरसाधना | ११:३५

'मंथन'ची नवी प्रत कुणी पाहिली का? फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेली, २०२४ ला कानला दाखवली ती. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून केलेला सिनेमा. जुन्या प्रतींत सगळं विटकरी झालं होतं.

गोदाकाठ | ११:३९

तोच तर मुद्दा, ते विटकरीपण १९७६ चं नव्हतंच. जुन्या रंगीत फिल्ममधला निळा-हिरवा रंग आधी उडतो, लाल टिकतो. आपण मात्र "त्या काळचा मातकट रंग" म्हणून कौतुक करत बसलो. स्मिता पाटीलचा बिंदू जुन्या प्रतीतही तेवढाच धारदार होता म्हणा. तिला कुठलं सेटिंग लागत नाही.

सातपूरकर | ११:५२

रीळभाऊ, टीव्ही 'फिल्ममेकर'वर टाकला, बॉक्स 'लिमिटेड', वीजबचत बंद. तुंबाडची पहिली वीस मिनिटं परत लावली. म्हातारीला दात आहेत हे आज कळलं. साडेतीन करतो. अर्धा अजून राखून ठेवलाय, बाहुल्यांचा हिशेब मला शेवटी जुळत नाही.

एक शेवटचं, ४३ इंचीला किती लांब बसायचं?

रीळ_नंबर_चार | ११:५६

पावणेसहा-सहा फूट. मधली_रांगच्या ५५ ला साडेसात. तुम्ही दहावर बसत असणार. सोफा ओढा.